पोर्ट ब्लेअर ते आगत्ती, तीन तास

अंजूताईचा फोन आला आणि माझं डोकं तापलं. माझ्या बहिणीची, भूमिकाची ही नणंद. लग्नात आमच्या आईनं दिलेली मानाची साडी हिनं चारचौघांत परत केली होती. म्हणे, असलं आमच्याकडं कामवालीही नेसत नाही. बाबांनी स्वतःच्या हातमागावर विणलेली साडी होती ती. तीन वर्षं झाली, मी विसरलेलो नाही. विसरणारही नाही.

नागपुरात रामदासपेठेत माझं विमान तिकिटांचं ऑफिस आहे, म्हणून बाईला माझी आठवण. अडला हरी! गाढव कोण, ते सांगायला नको.

ती नवऱ्याच्या नोकरीमुळं पोर्ट ब्लेअरला. तिचा एकुलता भाऊ दुर्गेश, म्हणजे आमचे जावई, आगत्तीला. दिवस भरायच्या आधीच भूमिकाला मुलगी झाली, त्यामुळं बाळंतपण नागपूरऐवजी तिकडंच झालं. आई धावत गेली. गुरुवारी संध्याकाळी बारसं होतं, आणि बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा.

"पियुषभाऊ, इथून आगत्ती किती लांब हाये जी? दोन्ही बेटं समुद्रातच तर हायेत. तिकडं यायचा सरकारी परवाना दुर्गेशनं काढला. तिकिटाचं मी पाहून घेईन, तुमचे उपकार नको."

उपकार नको काय? बरं.

"सरळ रेषेत बावीसशे चाळीस किलोमीटर," मी स्क्रीनवर पाहून सांगितलं. "विमानाले तीन तास."

एक शब्द खोटा नव्हता. एक बेट देशाच्या पूर्वेला, दुसरं पश्चिमेला, थेट विमानच नाही, आधी चेन्नई, मग कोची, तिथं मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी आगत्ती, एवढं फक्त मी बोललो नाही. तेव्हा मंगळवार होता. बुधवारी सकाळी निघाली असती तर पोचली असती. पण आपण नागपूरकर समुद्र पाहतो टीव्हीवर. दोन बेटं म्हणजे आपल्याला शेजारशेजारची नरखेड आणि काटोल वाटतात.

गुरुवारी सकाळी ती एसटी स्टँडवर जावं तशी बॅग घेऊन विमानतळावर गेली. खिडकीवरचा माणूस हसला म्हणे. ऐकून मला फार बरं वाटलं, मी दोनदा चहा मागवला.

संध्याकाळी भूमिकाचा व्हिडिओ कॉल आला. मागं पाळणा सजवलेला, बाळ तिच्या मांडीवर.

"नाव काय ठेवलं गं?"

"नाही ठेवलं. आईनं बारसं थांबवलं. आत्या पोचल्यावरच ठेवू म्हणते." भूमिका थेट माझ्याकडं पाहत होती. "दादा, हेच तुयं रोजचं काम. तुले माहीत होतं ना?"

मी चहाचा कप बाजूला सरकवला.

"पोरीचं जावळ नागपुरात काढू. पहिले केस काढताना बाळ मामाच्या मांडीवर बसते, माहीत हाये ना? ते तुया मांडीवर नाही बसणार."

"भूमे, तिले दुसरा मामा नाही वं."

"माहीत हाये," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.