शेवंतीची सवत

जिचा मनापासून राग येतो, तिलाच रोज संध्याकाळी पोटाशी घेऊन बसायची पाळी कधी तुमच्यावर आली आहे का? माझ्यावर आली. मी एक शाल आहे. काळी, जाड लोकरीची, कडेला गोंडे असलेली. आणि माझी सवत म्हणजे गॅलरीतल्या कुंडीतली शेवंती.

आधी मी माझ्या मालकिणीच्या आईची होते. थंडीची चाहूल लागली की आई मला खांद्यावर घ्यायची आणि अंगणातल्या शेवंतीपाशी जाऊन बसायची. सुकलेली पानं काढायची, मातीत बोट घालून ओल बघायची, एकेका फुलाशी बोलायची. ऊब द्यायची मी आणि कौतुक तिचं! तेव्हापासूनच माझ्या पोटात दुखतं.

आई गेली, घर विकलं. लेकीनं तिथून दोनच गोष्टी आणल्या: मला, आणि शेवंतीचा एक मुळासकट फुटवा. लेक शिवणकाम करते. सुरुवातीला मशीनवरून उठली की ती मला जवळ घ्यायची, माझ्यात तोंड खुपसायची आणि म्हणायची, "आईचा वास येतो." त्या दिवसांत मी राणी होते. पण वास काही जन्माला पुरत नाही. दोन-तीन धुण्यांत तो गेला आणि मी नुसती शाल उरले. कपाटाच्या तळाशी गेले. तिथं कसरीनं मला तीन भोकं पाडली, तीही कुणी पाहिली नाहीत. शेवंतीला मात्र नवी कुंडी, नवी माती, आधाराला काठ्या.

मागच्या वर्षी गॅलरीसमोर रस्त्यावर नवा दिवा लागला आणि शेवंतीला एकही कळी आली नाही. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. यंदाही पानंच पानं. मालकीण कासावीस झाली आणि तिनं रोपं विकणाऱ्या माणसाला बोलावून आणलं.

"ताई, हिला रात्र लांब लागते," तो म्हणाला. "दिव्यामुळं हिला वाटतं अजून उन्हाळाच आहे. संध्याकाळी पाचला झाका, सकाळी सातला उघडा. फूल उमलेपर्यंत एक दिवस चुकवू नका. आणि या जुन्या खोडाचा फार भरवसा धरू नका."

"असं नका हो म्हणू. आईची एवढीच जिवंत गोष्ट उरलीय माझ्याकडे."

चादर घालून पाहिली, तर उजेड आरपार. मग कपाट उघडलं आणि मी हाती लागले. मला वाटलं, आता खांद्यावर! तिनं मला नेलं आणि काठ्यांवरून शेवंतीवर पांघरलं.

तिचा नवरा घड्याळं दुरुस्त करतो. पाचचा ठोका पडला की तो आतून ओरडायचा, "अहो बाई, राणीसाहेबांची झोपायची वेळ झाली! आम्हाला कधी असं पांघरूण घातलं नाही कुणी."

"तुम्ही फुला, मग घालते," ती म्हणायची.

मी रात्रभर सवतीला सांभाळायची. तिचा तो कडवट, ओल्या पानांचा वास माझ्या धाग्याधाग्यात शिरायचा. मला शिसारी यायची. पण एक गुपित माझ्यापाशी होतं. माझी तिन्ही भोकं नेमकी दिव्याच्या बाजूला आली होती. उजेड आत झिरपत होता आणि मी गप्प होते. म्हटलं, राहा तशीच वांझोटी.

चौथ्या आठवड्यात कळ्या दिसल्या, पण एकाच बाजूला. दिव्याकडची बाजू कोरी. मालकिणीनं कुंडी फिरवून पाहिली, मग मला उचलून उजेडासमोर धरलं.

"अगं बाई! हिला भोकं आहेत!"

माझं बिंग फुटलं. वाटलं, आता आपली रवानगी फरशी पुसायला. पण ती मला मांडीवर घेऊन बसली. काळी लोकर घरात नव्हती, जुन्या स्वेटरची पिवळी उरली होती. त्या पिवळ्या लोकरीनंच तिनं तिन्ही भोकं रफू केली. किती वर्षांनी तिची बोटं माझ्यावरून फिरत होती! नवरा चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला, "घ्या, झाडाच्या आधी शालीलाच फुलं आली."

"काही बोलू नका. हिच्याच जिवावर आहे सगळं."

हिच्या म्हणजे माझ्या! ते वाक्य मी गोंड्याला गाठ मारून ठेवलंय. त्या संध्याकाळपासून मी चोख काळोख दिला. कोरी बाजूही भरली आणि एक दिवस पहिलं पिवळं फूल उमललं.

माझं काम संपलं. संध्याकाळी तिनं मला झटकलं, घडी घालता घालता थांबली, नाकाशी नेलं. मग तोंडच खुपसलं.

"अहो, इकडे या. आईचा वास येतोय!"

मी ओरडणार होते, अगं, हा त्या मेलीचा वास, माझा नव्हे! आणि मला अंगण आठवलं. आईचे हात रोज कशात असायचे? म्हणजे जो वास माझा म्हणून मी मिरवला, तो पहिल्यापासून सवतीचाच होता. आणि आता तिनंच मला तो परत दिला. हे गिळायला फार जड जातंय. जळफळाट अजून थांबलेला नाही. तरी तुमच्या कपाटाच्या तळाशी माझ्यासारखी कुणी पडली असेल, तर तिला एकदा वारा दाखवा, एवढंच सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गारठा होता. मालकिणीनं मला धुवायला टाकलं नाही. खांद्यावर घेतलं आणि शेवंतीला पाणी घालायला गेली.