लांब रेघ

सर्जनने मार्करचं टोपण दातांत धरलं आणि बाईंच्या पोटावर चार ठिपके काढले. एकातून दुर्बीण जाईल, दोहोंतून हत्यारं, आणि बेंबीजवळच्या भोकातून गाठ पिशवीत घालून बाहेर काढू, असं त्याने समजावलं. बाई शिवणकाम करणाऱ्या.

"म्हणजे काजंच करायची की," त्या म्हणाल्या.

यकृतातली ती गाठ साधी होती, कॅन्सरची नव्हती. तशीच राहिली तरी बिघडत नव्हतं, आणि हे त्याने बाईंना सांगितलंही होतं, पण ओझरतं. बाईंचं पोट दुखत होतं, विभागात नवी दुर्बीण आली होती, आणि सर्जन गुडघ्याला बाशिंग बांधून बसला होता.

मग त्याने उजव्या बरगडीखालून लांब रेघ ओढली. ती पुरी झाल्यावर त्याला चूक कळली. त्याच्या गुरूंची शिस्त उलटी होती. रक्त आवरेना झालं तर पोट उघडावं लागतं, म्हणून आधी रेघ ओढायची. आणि तेवढं फाडायची तयारी असेल तरच ठिपके काढायचे.

"ही कशाला?" बाईंनी मान उचलून विचारलं.

त्याने खरं ते सांगितलं. मग म्हणाला, "सरळ एवढं कापायचं असतं, तर आला असतात?"

"छे. तुम्ही तरी केलं असतंत का?"

तो टोपण लावू लागला. ते नीट बसेना.

"नसतं केलं," तो म्हणाला. त्याला स्वतःची लाज वाटली.

ऑपरेशन टळलं म्हणून बाई सुटकेने हसतील असं त्याला वाटलं होतं. पण त्यांचे डोळे भरून आले. गाठ सापडेपर्यंत घरात सगळे त्यांच्या दुखण्याला कामचुकारपणा म्हणत होते. ती दिसली तेव्हापासून नवरा सकाळचा चहा हातात आणून देत होता.

"गाठ राहिली, तर माझं दुखणं पुन्हा खोटं ठरेल हो."

ऑपरेशन थिएटरमधून बोलावणं आलं. पुढच्या पेशंटला आधी घ्या, असा त्याने निरोप दिला आणि स्टूल ओढून खाटेशी बसला.

"कुठे दुखतं? बोट ठेवून दाखवा."

हे त्याने कधी विचारलंच नव्हतं. त्याने फक्त रिपोर्ट पाहिले होते.

बाईंचं बोट रेघ ओलांडून, ठिपके ओलांडून डाव्या कुशीत मागे गेलं आणि थांबलं. तिथे शाई नव्हती.