पेढ्याला नाही म्हणता न येणारा ससा

मी एक भित्रा ससा आहे. मित्रांनो, सशाने भित्रे असण्यात लाजण्यासारखे काही नाही. कुत्र्याला भ्यावे, घारीला भ्यावे, फटाक्याला भ्यावे. पण मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती पेढ्याची. हसू नका, आधी ऐका.

शिर्डीत सत्यशीलाबाईंचे प्रसादाचे दुकान आहे. त्यांच्या धनश्रीने हट्ट करून मला राहुरीच्या बाजारातून आणवले. माझा पिंजरा दुकानातच, फळीखाली. पांढराशुभ्र म्हणून माझे कौतुक फार. दर्शन घेऊन आलेली माणसे वाकून पुड्यातला पेढा, नाहीतर खोबऱ्याचा तुकडा आत सारत. धनश्री कुरकुरली तर आई म्हणे, "आसू दे गं. परसादाला न्हाई म्हनू नये." मीही म्हणत नसे. गोड वास आला की माझे नाक मला विचारतच नाही. कोपऱ्यातले वाळके गवत तसेच पडून राही.

एका गुरुवारी दुकानात फार गर्दी होती. दुपारनंतर माझे पोट दगडासारखे झाले आणि लेंड्या थांबल्या. आम्हा सशांना ओकता येत नाही. आत गेलेले पुढेच सरकावे लागते, आणि ते सरकेना. मी अंग चोरून, दात करकरवत बसलो. फार भ्यालो होतो. पण दुखले तरी ससा सहसा ओरडत नाही. दुबळेपण दिसले की कुणीतरी येऊन धरील, ही भीती आमच्या रक्तातच आहे. "किती गुणाचा बसलाय," असे म्हणत एका बाईने आणखी एक पेढा पुढे ठेवला.

धनश्री शाळेतून आली आणि तो पेढा पाहून तिचा चेहरा उतरला. "आई, ह्यानं पेढा खाल्ला न्हाई. कान बी गार पडल्यात."

जनावरांच्या डॉक्टर दयाबाईंनी माझे पोट चाचपले.

"आतड्याची हालचाल बंद पडलीय," डॉक्टर म्हणाल्या. "सशाला गवतच लागतं. उद्यावर टाकलं असतंत, तर हाती लागला नसता."

सत्यशीलाबाई म्हणाल्या, "परसाद हुता वो बाई. परसादानं कसं हुईल?"

"त्याच्या पोटाला ते कळत नाही," डॉक्टर हळूच म्हणाल्या.

मग मला इंजेक्शन दिले, सलाइन दिले, पिचकारीने गवताच्या भुकटीची पेज भरवली. जगतो की नाही, मलाही ठाऊक नव्हते. सकाळी दोन-चार लेंड्या पडल्या, तेव्हा धनश्री त्या तळहातावर घेऊन घरभर नाचली.

आता वाळके गवत आणि पाणी दिवसभर माझ्यासमोर असते. शेजारच्या हारवाल्याच्या उरलेल्या दुर्वाही धुऊन मिळतात. मी बरा आहे, पण भीती गेलेली नाही. परवाच एक मोठा हात जाळीशी आला. हातात पेढा. धनश्री शाळेत, सत्यशीलाबाई पाठमोऱ्या. माझे नाक हलू लागले. मी पुढे सरकलो, मित्रांनो, सगळे माहीत असून. पेढा ओठाला लागणार, तोच बाईंचा हात मध्ये आला. "दादा, त्याच्या वाटचा मला द्या," असे म्हणून त्यांनी तो कपाळाला लावला आणि स्वतः खाल्ला.

तुमच्या घरी ससा असेल, तर त्याला काय आवडते हे त्याला विचारू नका. त्याला नाही म्हणता येत नाही. ते त्याच्यासाठी तुम्ही म्हणा.