काळ्या पडद्यावरची थाप

आमच्या मंडळाची सगळ्यात लाडकी फिल्म पाच डब्यांची, म्हणजे पाच रिळांची आहे. दुसरा डबा संपला की पडदा काळा होतो आणि त्या काळोखात एक थाप ऐकू येते. ठक. एकच. कोण मारतं, कशावर मारतं, काही दिसत नाही. मग मामा मशीन बंद करतो, दिवे लागतात आणि वाद सुरू होतो.

मंडळ म्हणजे शिवणवर्गाच्या वरची एक लांबट खोली, चाळीस खुर्च्या आणि एक पांढरी भिंत. जुन्या कृष्णधवल गुन्हेपटांशिवाय इथे काही दाखवत नाहीत. मशीन एकच, त्यामुळे प्रत्येक डब्यानंतर थांबावं लागतं. डबा बदलायच्या त्या चार मिनिटांतल्या भांडणासाठीच निम्मी माणसं येतात, असं मामी म्हणते.

मशीन मामा चालवतो. तो वीजमीटर तपासायच्या नोकरीत होता, आता निवृत्त आहे. मी नऊ वर्षांची असताना त्याने मला फिल्म बघायचा पहिला नियम शिकवला होता. "चेहरा बघू नकोस, हात बघ. चेहरा नट सांभाळतो, हात विसरतो." पुढे मी पदार्थविज्ञान शिकले, आता एका प्रयोगशाळेत थर्मामीटर तपासते. पण पुरावा कशाला म्हणतात ते मला त्या खोलीतच कळलं.

फिल्ममध्ये एक कुलूपवाला आहे. बंद खोलीत एका जहाज कंपनीच्या माणसाचा खून होतो, आणि ते कुलूप उघडू शकेल असा गावात एकच माणूस. तिसऱ्या डब्यात इन्स्पेक्टर त्याला समोर बसवून प्रश्न विचारतो. खोलीत दिवा एकच, टेबलाच्या पातळीला, त्यामुळे कुलूपवाल्याची सावली छतापर्यंत गेलेली. सावलीच्या कडा इतक्या धारदार आहेत की तो दिवा आकाराने लिंबाएवढाच असणार, हे मी कॉलेजात असताना गणित करून मामाला दाखवलं होतं. कुलूपवाला शांतपणे खोटं बोलतो आणि अंगठा मुठीत लपवतो. अंगठ्यावर एक व्रण आहे. चौथ्या डब्यात खून झालेल्या माणसाची बायको त्याच्या दुकानात येते, तिच्यासाठी किल्ली घासताना कानस सटकते आणि तोच अंगठा कापला जातो.

म्हणजे आधी व्रण, मग जखम. मामाने यावर एक लेख लिहिला होता, एका छोट्या मासिकात छापून आलेला. दिग्दर्शक प्रेक्षकाला न सांगता भूतकाळात जातो, आणि ती काळ्या पडद्यावरची थाप म्हणजे काळाचं दार ठोठावणं, असं त्याचं म्हणणं. मामाने आयुष्यात लिहिलेला तो एकमेव लेख. घरात चौकटीत लावलेला आहे.

त्याच्याशी भांडायला वकील असतात. मंडळाचे दुसरे संस्थापक, मामाचे शाळेपासूनचे मित्र.

"अरे, सरळ माणूस आहे तो दिग्दर्शक," ते प्रत्येक वेळी म्हणतात. "तूच वाकड्यात शिरतोस."

"तुला वाकडं कसं दिसणार? तुझे अशील सगळे निर्दोष!"

यंदा मंडळाला चाळीस वर्षं झाली. त्या रविवारी दुपारी हीच फिल्म दाखवायची आणि आधी मामाने लेख वाचायचा, असं ठरलं. फिल्म शिकणारी वीस मुलं-मुली येणार होती. मामाने सदरा इस्त्रीला दिला. आरशासमोर लेख वाचून झाला. मला काम दिलं, पाचही डबे हाताखालून घालायचे आणि कुठे पट्टी फाटली असेल ती जोडायची.

आधीच्या बुधवारी मी मामाच्या माळ्यावर बसले. काचेखाली दिवा, वरून पट्टी हळूहळू सरकवायची. चित्रांच्या कडेने एक नागमोडी रेघ धावते, तो आवाज. मशीनमध्ये आवाज वाचायची जागा चित्राच्या खिडकीच्या पुढे असते, म्हणून आवाज चित्राच्या वीस चौकटी, म्हणजे वीस फ्रेम, आधी छापतात. हे मला माहीत होतं. पण यातून पुढे काय निघतं याचा मी कधी विचार केला नव्हता. प्रत्येक डब्याच्या शेवटच्या वीस चौकटींवर जो आवाज असतो तो त्या डब्याचा नसतोच. तो पुढच्या डब्याच्या सुरुवातीचा असतो, आणि त्या डब्याच्या डोक्याला, चित्राआधीच्या पट्टीवर, तोच पुन्हा छापलेला असतो.

दुसऱ्या डब्याच्या शेपटीला ती थाप होती. रेघेत एक उंच सुळका, त्याच्यामागे उतरत जाणारे चार छोटे.

मी तिसऱ्या डब्याची सुरुवात काढली. तिथली रेघ जवळजवळ सपाट. मग चौथ्याची काढली. एक सुळका, मागे चार छोटे. चौथा डबा सुरू होतो तेव्हा ती बाई दुकानाचं फळकूट वाजवते. काळाचं दार वगैरे काही नव्हतं, ते दुकानाचं दार होतं.

एक पुरावा म्हणजे योगायोग असू शकतो. मी उरलेले सांधे तपासले. चौथ्याची शेपटी तिसऱ्याच्या डोक्याशी जुळली, तिसऱ्याची पाचव्याच्या. शंकेला जागाच राहिली नाही. चाळीस वर्षं आम्ही तिसरा आणि चौथा डबा उलटे बघत होतो.

मी खाली गेले. मामी भाजी चिरत होती.

"मामी, डब्यांवर आकडे कुणी घातले होते?"

"तुझ्या मामाने. बंद पडलेल्या थिएटरातून पोत्यात भरून आणले होते. गंज काढायला सगळे डबे रॉकेलमध्ये बुडवले, चिठ्ठ्यांवरची शाई विरघळली, पट्ट्यांची आकडेवाली टोकं आधीच तुटलेली. मग बसला आठवून आठवून. का गं?"

"काही नाही."

"तुझं 'काही नाही' मला माहीत आहे. भांडं फुटलं तरी तू हेच म्हणायचीस."

गप्प बसणं सोपं होतं. लेख वाचला गेला असता, टाळ्या पडल्या असत्या, मामा खूश झाला असता. कुणाला कळणार होतं? पण डबे उलटे आहेत हे माहीत असताना मी त्या खुर्चीवर बसून मामाकडे कसं बघणार होते? हात बघ, असं मला त्यानेच सांगितलं होतं. आणि सांगावं, तर भिंतीवरचा चौकटीतला लेख माझ्याच हाताने खाली काढण्यासारखं होतं.

संध्याकाळी मामा माळ्यावर आला. मी दोन पट्ट्या काचेवर शेजारी शेजारी ठेवल्या आणि भिंग त्याच्या हातात दिलं.

तो बराच वेळ वाकून बघत होता.

"हे किती चौकटींचं आहे?"

"वीस."

"मोजलंस?"

"तीनदा."

"बाकीचे सांधे?"

"तेही जुळतात."

त्याने भिंग खाली ठेवलं. चष्मा काढून सदऱ्याला पुसला, घातला, पुन्हा काढला. मग जिना उतरून गेला. मला खालून मामीचा आवाज ऐकू आला.

"अहो, चेहरा का असा? कोण गेलं?"

"लेख गेला."

दोन दिवस तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. शनिवारी सकाळी त्याने पांढरा रंग आणि बारीक कुंचला आणला, जुने आकडे खरवडले आणि नवे घातले. मग मला हाक मारली.

"बघ गं, बरोबर आहेत ना? माझा माझ्यावर भरवसा नाही."

रविवारी खोली भरली. मामा उभा राहिला, हातात लेख.

"हे परीक्षण ज्या फिल्मचं आहे ती फिल्म कुणी बनवलीच नाही," तो म्हणाला. "चुकून मी बनवली. रॉकेल आणि कमकुवत स्मरणशक्ती एवढ्या भांडवलावर. चूक माझ्या भाचीने शोधली. आज खरी फिल्म बघू. मीही पहिल्यांदाच बघतोय."

मुलं हसली. वकिलांकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

दुसरा डबा संपला. पडदा काळा झाला. ठक. मामाने नवा डबा चढवला, आणि बाई दुकानाच्या बंद फळकुटापाशी उभी होती. कुलूपवाला दार उघडतो. किल्ली घासतो. अंगठा कापतो, ती आपला रुमाल बांधते. मग पुढच्या डब्यात इन्स्पेक्टरची खोली, तोच लिंबाएवढा दिवा, तीच छतापर्यंतची सावली. कुलूपवाला अंगठा मुठीत लपवतो.

हा प्रसंग मी पन्नास वेळा तरी बघितला असेल. दरवेळी मी इन्स्पेक्टरच्या बाजूने बसून त्या माणसाचं खोटं पकडत होते. आज मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला होते. तो कुणासाठी खोटं बोलतोय हे मला माहीत होतं, इन्स्पेक्टरला नव्हतं, आणि ती मूठ उघडू नये म्हणून मी श्वास धरून बसले होते. एकही चौकट बदललेली नव्हती. ज्याने ही फिल्म रचली त्याला दोन डब्यांचा क्रम केवढा कळला होता!

मी मागे वळून मशीनकडे बघितलं. मामाचा चेहरा अंधारात होता. मशीनच्या फटीतून येणाऱ्या उजेडात हात तेवढे दिसले. त्याने स्वतःचा अंगठा मुठीत घट्ट धरला होता.

दिवे लागले. मग वकील उठले, सरळ मशीनपाशी आले. चाळीस वर्षांचा खटला ते जिंकले होते.

"चूक केलीस," ते म्हणाले.

"कबूल केलं ना! आता काय लेखी देऊ?"

"ती नव्हे रे. आज केलीस ती. तुझा क्रमच बरा होता. आधी संशय, मग सत्य. त्यात काय झटका होता! हे फारच सरळ झालं."

मामाने हातातला पाचवा डबा खाली ठेवला.

"सरळ? चाळीस वर्षं मी या माणसाला खुनी समजत होतो. आज पहिल्यांदा मला त्याची काळजी वाटली. आणि तू म्हणतोस सरळ?"

"वाकड्यात शिरू नकोस."

"वाकड्यात कोण शिरतंय?"

मुलं खुर्च्या ओढून जवळ आली. मागून मामी ओरडली, "अहो, पाचवा डबा!" पण चार मिनिटं केव्हाच उलटून गेली होती, आणि मशीनला हात लावायला कुणीच तयार नव्हतं.