घड्याळजीच्या खोलीतलं गाणं

"सत्तरी उलटली, कान गेले, आणि आता बाईला गाणी सुचतायत!" थोरली म्हणाली.

तिचा मुलगा स्टुलावर चढून बल्ब बदलत होता, म्हणजे त्याला पळून जायची सोय नव्हती. थोरलीने गाऱ्हाण्याची वेळ बरोबर साधली होती.

"कुणाला?"

"तुझ्या काकूला, आणखी कुणाला! रोज दुपारी केस विंचरते, बाहेर जायचा कोट चढवते आणि खालच्या घड्याळजीकडे जाते. दार बंद. मग आत गाणं लागतं. तासन् तास! मी जिन्यात ऐकलंय."

"अगं, जिन्यात उभं राहून कुणाचं ऐकायचं..."

"जिना त्याच्या बापाचा आहे का?"

मुलगा हसला. "काकूला आपण हाक मारलेली ऐकू येत नाही. ती गाणी कसली ऐकतेय?"

"तेच म्हणते मी! बहिऱ्या बाईला गाणी ऐकवणारा माणूस कसला असेल, तूच सांग."

बल्ब लागला. मुलाच्या डोक्यात मात्र उजेड पडला नाही. "म्हातारपणी कुणाशी दोन शब्द बोलली तर बोलू दे," म्हणून तो निघून गेला. थोरलीच्या मते आजकालच्या पोरांना कसली चौकसबुद्धीच नव्हती.

थोरली आणि धाकटी, दोघी सख्ख्या जावा. दोघींचे नवरे गेले, पोरं पांगली, आणि राहिल्या या दोघी: एकाच मजल्यावर शेजारशेजारच्या दोन खोल्या, मध्ये सामायिक स्वयंपाकघर. थोरलीने सारा जन्म इस्पितळाच्या धुलाईखान्यात काढला. उकळत्या पाण्यातल्या चादरींनी तिचे हात भाजले आणि मुकादमाशी भांडून जीभ धारदार झाली. धाकटीलाही तिनेच तिथे चिकटवलं होतं, पण थोडे दिवस काम करून धाकटीने ते सोडलं. तेव्हापासून थोरलीचं एक वाक्य घरात फिरत होतं: "मी राबले, ही घरी बसली." लग्नात, बारशात, नव्या भाडेकरूसमोर, जिथे चार डोकी जमतील तिथे ते तिखटमीठ लावून वाढलं जाई. धाकटीने कधी उलटून उत्तर दिलं नाही. आधी तो तिचा स्वभाव नव्हता, आणि पुढे तिला ऐकूच येईनासं झालं.

दुसरं एक वाक्यही थोरलीचंच. तळमजल्यावरच्या म्हातारीला सरकारी मदत सुरू झाली, तेव्हा ती जिन्यात उभी राहून म्हणाली होती, "आमच्या घरात कुणी हात पसरला नाही हो कुणापुढे!" ते मात्र इतक्या मोठ्यांदा, की धाकटीलासुद्धा ऐकू गेलं.

आता थोरली डोळ्यांत तेल घालून पाहत होती. ऐन थंडीत धाकटीचा हीटर बंद. खोलीत बसली तरी अंगात कोट. स्वयंपाकघरात येई ती हात चोळत. थोरलीने दोन आणि दोन चार केले: घड्याळजीचं बोलावणं कधी येतं आणि कधी धावते असं झालंय हिला, कोट काढायचीसुद्धा फुरसत नाही. म्हातारचळ दुसरा काय असतो?

दुसऱ्या दिवशी धाकटी खाली उतरली, तशी थोरलीने चपला हातात घेतल्या आणि मांजरीच्या पावलांनी तिच्यामागून जिना उतरली. दार बंदच होतं. तिने कान लावला.

गाणं चालू होतं. गाणं कसलं, नुसतंच वाद्य, पुन्हा पुन्हा तेच तेच. मध्येच एका बाईचा गोड गोड आवाज आला, काहीतरी पुटपुटला, आणि परत वाद्य. थोरली चाट पडली. आत आणखी एक बाई! हा घड्याळजी दिसतो तेवढा गरीब नव्हता तर. तिला राग यायला हवा होता, पण खरं सांगायचं तर तिला मजा वाटू लागली होती.

इतक्यात वाद्य थांबलं.

"नमस्कार, ज्येष्ठांच्या मदत विभागातून बोलतेय," बाईचा आवाज आता स्पष्ट होता. "फार वेळ थांबावं लागलं तुम्हाला. अर्ज कुणासाठी करायचाय?"

"माझ्या शेजारीणबाईंसाठी," घड्याळजी म्हणाला. "त्यांची पेन्शन अगदीच थोडी आहे. कमी पेन्शनवाल्यांना वरून मदत मिळते ना, ती. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन मोठ्याने लावलाय. तुम्ही विचारा, मी त्यांच्या कानात सांगतो."

थोरलीच्या हातातली एक चप्पल गळून पडली.

प्रश्न सुरू झाले. घड्याळजी ते ओरडून सांगे आणि धाकटी परीक्षेला बसल्यासारखी उत्तरं देई. भाडं वाढलं का? वाढलं. परवडतं का?

"आता हीटर लावत नाही मी. तरी नाही पुरत," धाकटी म्हणाली. "मदत नाही मिळाली तर महिनाअखेर खोली सोडायची. भाची म्हणते, माझ्याकडे ये. पण ती फार लांब राहते हो. आणि इथे जाऊबाई एकट्या पडतील."

दाराबाहेर जाऊबाई भिंतीला टेकल्या.

"धुलाईखान्यातलं काम का सोडलं, विचारतायत!" घड्याळजी ओरडला. "नंतर काय करत होता?"

"काही नाही," धाकटी म्हणाली. "घरी बसले होते."

दार धाडकन उघडलं.

"बसली नव्हती!"

घड्याळजी एका हातात फोन धरून उभाच राहिला. धाकटी चोरी पकडल्यासारखी खुर्चीत आक्रसली.

"कोण बोलतंय?" फोनमधून विचारणा झाली.

"मी हिची थोरली जाऊ. हिला काय विचारता? ही मेली तरी आपणहून सांगणार नाही, मला विचारा. आमच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. एक-दोन नाही, नऊ वर्षं! कूस बदलायची ती हिने, भरवायचं हिने, घाण काढायची हिने. पाठीला एक जखम होऊ दिली नाही म्हातारीच्या. माझी पाळी पहाटेची, माझं पोर शाळेतून आलं की हिच्याच हातचं जेवायचं. मी कामावर गेले ती हिच्या जिवावर. लिहा हे! नीट लिहा!"

पलीकडे टाइप केल्याची टकटक ऐकू आली. "हे कळलं ते फार बरं झालं, आजी. आजारी माणसाला सांभाळण्यासाठी काम सोडलं असेल, तर त्याचा विचार वेगळा होतो. डॉक्टरांचा काही कागद?"

"माझ्या ट्रंकेत आहे. मी काही टाकत नसते."

"मग साहेबांना विचारून येते. आणि तुमची स्वतःची पेन्शन किती? तुम्हालाही..."

"माझं मागाहून. आधी हिचं बघा."

"फोन ठेवू नका."

परत तेच वाद्य सुरू झालं.

थोरली मटकन स्टुलावर बसली. भिंतीवरची दुरुस्तीची घड्याळं आपापली वेळ दाखवत होती.

"हेच का ते गाणं?" तिने विचारलं.

"हेच, वहिनी," घड्याळजी ओशाळून म्हणाला. "आठवडा झाला ऐकतोय. नंबर लागायच्या आत फोन कटतो. आज पहिल्यांदा लागला."

"भिकार आहे."

"आहेच."

धाकटी कोटाचं बटण पिरगाळत होती. थंडीने तिची बोटं सुजून लाल झालेली थोरलीला आता कुठे दिसली. "जाऊबाई," ती दबकत म्हणाली, "हात पसरला म्हणून रागावलात?"

थोरली स्टूल ओढत तिच्याजवळ सरकली. ती सुजकी बोटं तिने आपल्या भाजलेल्या, राठ हातांत घेतली आणि चोळू लागली.

"मूर्ख आहेस," ती पुटपुटली.

"अं?" धाकटीने कान पुढे केला.

थोरलीने त्या वाद्याच्या वर आवाज चढवला.

"मूर्ख आहेस म्हटलं! मी आपली जन्मभर काहीबाही बोलत आले, आणि तू ते खरं मानत बसलीस!"