चार मिनिटं पुढचं घड्याळ

बोटीच्या धक्क्याला साठ वर्षं पूर्ण होत होती. प्रतीक्षालयाच्या भिंतीवर त्याचा इतिहास लावायचा होता आणि तो लिहायचं काम नगरपालिकेच्या वाचनालयात नोकरीला असलेल्या सुनेकडे आलं होतं. सासऱ्यांनी त्याच धक्क्याच्या फाटकावर एकतीस वर्षं बोट सुटायची घंटा वाजवलेली. मजकूर छापायला जाण्याआधी तिने तो त्यांच्यापुढे ठेवला.

"बाबा, चुका काढा. नुसतं छान आहे म्हणू नका."

"तुझ्या चुका काढायला मी काय तुझी सासू आहे?" म्हणत त्यांनी चष्मा चढवला.

लाकडी बोट, मग डिझेलची, पत्र्याची शेड, रुंद केलेला जिना. सगळं बरोबर होतं. मग अपघात आला. 'धुक्याच्या सकाळी बोट चालवणाऱ्या सारंगाने घंटा होण्याआधीच बोट सोडली. खाडीच्या तोंडाशी समोरून येणाऱ्या बोटीवर ती आदळून दोन प्रवासी बुडाले. चौकशीनंतर सारंगाला बडतर्फ करण्यात आले.'

"हे खोटं आहे," ते म्हणाले.

"चौकशीच्या अहवालातून घेतलंय."

"अहवालात ते मीच सांगितलंय."

फाटकावरचं घड्याळ ते चार मिनिटं पुढे ठेवत, कामावर जाणाऱ्यांनी जरा पाय उचलावा म्हणून. घंटा देताना तेवढी चार मिनिटं मनात वजा करायची, हे त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. त्या सकाळी रांगेत दोघांची जुंपली. ते सोडवून वळले, घड्याळ पाहिलं आणि घंटा दिली. वजाबाकी राहून गेली. समोरची बोट अजून खाडीच्या तोंडाशीच होती. नंतर धक्क्यावर रडारड चालू असताना त्यांनी स्टुलावर चढून काटे मागे घेतले. चौकशीत घड्याळ बरोबर निघालं. आणि रोज कानावर पडणारी घंटा त्या दिवशी बोट सुटण्याआधी ऐकली की नाही, हे एकाही प्रवाशाला छातीठोक सांगता येईना.

"तेव्हा का नाही बोललात?"

"नोकरी गेली असती. तुझा नवरा चार महिन्यांचा होता."

"आणि सारंगकाकांना काय, पोरं नव्हती?"

तिने परिच्छेदावर काट मारली. "छापायच्या आधी त्यांना जाऊन सांगा. भिंतीवर वाचायची पाळी आणू नका."

दोन गल्ल्या सोडून सारंगाचं घर. तो दारात बसून खुर्चीचा मोडका पाय ठोकत होता. सगळं ऐकेपर्यंत त्याचा हात थांबला नाही. मग थांबला.

"म्हणजे घंटा झाली होती?"

"झाली होती. मीच दिली."

"दोन ठोके?"

"दोन."

"एकोणतीस वर्षं मला वाटत होतं, ती माझ्याच कानात वाजली."

सासऱ्यांनी हात जोडले.

"हात कसले जोडतोस! बायको आत आहे, तिला सांग. आणि मोठ्याने सांग, तिला कमी ऐकू येतं."