हौसाचा चीक

माघाचं ऊन काचेतून आत आलं. पिवळं ऊन, कोवळं ऊन, कुणालाच ऊब न देणारं ऊन. लादीवरून सरकत सरकत ते काचेच्या पेटीपाशी थांबलं.

पेटीत मेंढपाळ म्हाकूची लेक होती. चार दिवसांची, अजून बिननावाची. नाकात दोन बारीक नळ्या, त्यांतून श्वासाला आधार. तोंडातून पोटात गेलेली तिसरी नळी, दुधाची. उशाशी बाटलीत पाणी बुडबुडत होतं. बुडबुड, बुडबुड. ते चालू आहे तोवर आधार चालू आहे, असं सिस्टरांनी सांगितलं होतं.

म्हाकूच्या मुठीत सिरिंज होती. तिच्यात थोडासा चीक, हळदीच्या पाण्यासारखा. अंगात त्राण नसताना त्याच्या बायकोनं, हौसानं, परवा पिळून दिलेला. काल हौसा गेली. चीक फ्रीजमध्ये राहिला. एवढाच उरला होता, आणि तोही उद्या चालणार नव्हता.

म्हाकूला रडू येत नव्हतं. आत नुसता माळ होता. वाळलेला, वाराही न फिरकणारा माळ.

"सिस्टर, ह्यो नळीनं नगं. तोंडात एक थेंब घालू द्या. आईची चव तरी कळंल तिला."

"म्हाकूदादा, मिनिटाला ऐंशी श्वास चाललेत तिचे," पुष्पलतासिस्टर म्हणाल्या. "गिळायला श्वास थांबवावा लागतो. तिला तेवढी उसंत कुठंय? दूध छातीत उतरेल."

"एका थेंबानं?"

"एका थेंबानंसुद्धा. मेंढरं राखता ना? तुम्हाला मी काय शिकवू!"

पलीकडची पेटी वाजली. सिस्टर तिकडं धावल्या.

म्हाकूनं पेटीत हात घातला. सिरिंजचं टोक ओठांपाशी नेलं. टोकावर थेंब लोंबला. ऊनपिवळा, जड थेंब.

तेवढ्यात त्याला तो खळगा दिसला. श्वासागणिक बरगडीखाली पडणारा, भरणारा, पुन्हा पडणारा.

मागं एकदा असंच एक कोकरू त्याच्या मांडीवर धापत होतं. आई मेलेलं. कळवळून त्यानं बाटली तोंडात दिली. दूध नाकातून परत आलं, आणि मान त्याच्या मनगटावर कलंडली.

"भूक तुमची हुती," हौसा तेव्हा म्हणाली होती. "त्येची न्हाई."

म्हाकूनं हात मागं घेतला.

"सिस्टर, धरा ह्ये. माझ्या हाताचा भरवसा न्हाई."

सिस्टर आल्या. त्यांनी त्याच्याकडं पाहिलं, सिरिंज घेतली. कापसाची काडी चिकात भिजवली, निथळवली, त्याच्या बोटांत दिली. "नुसती ओल आहे. गालाच्या आतून फिरवा. गिळण्याजोगं काही नाही."

त्यानं फिरवली. ओठ हलले. मिटले. पुन्हा हलले.

उरलेल्या चिकाची सिरिंज सिस्टरांनी दुधाच्या नळीला जोडली, तिचा दट्ट्या काढला. "दाबायचं नाही. नुसतं उंच धरा. आपला आपण उतरू दे."

तो धरून उभा राहिला. नळीतून पिवळा धागा उतरू लागला. हळू, हळू, लेकीच्या पोटाकडं. पाणी बुडबुडत होतं. खळगा पडत होता, भरत होता.

धागा सरला. काचेवरचं ऊन सरलं. हात तेवढा उंच राहिला.